‘काऊन बे’वाल्या टी-शर्टवर नोटीस आली, आता काय करू?

एका वाचक भाऊंचा मेल आलाय. नागपुरात नंदनवनला राहतात, मिहानमध्ये नोकरी करतात आणि 2024 च्या दिवाळीपासून प्रिंट ऑन डिमांडवर स्वतःच्या डिझाइनचे टी-शर्ट विकतात, म्हणजे डिझाइन अपलोड करायचं, ऑर्डर आली की कंपनीच छापते, पॅक करते, कुरिअर करते आणि यांना दर शर्टामागे मार्जिन मिळतं. तीन डिझाइन होते. एकावर नुसतं ‘काऊन बे, कुठी जाऊन राहिला?’, म्हणजे आपल्या बोलीतलं ‘का रे, कुठे चाललास?’, दुसऱ्यावर पिवळी मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघते ती मूर्ती, आणि खाली तीच ओळ, तिसऱ्यावर झिरो माइल स्मारकाचे घोडे. आता शहरातल्याच एका कपड्याच्या दुकानवाल्यानं वकिलामार्फत व्हॉट्सॲपवर नोटीस पाठवली की ‘काऊन बे’ आमचा रजिस्टर्ड ट्रेडमार्क आहे, सात दिवसांत विक्री बंद करा, लेखी माफी द्या, 3 लाख भरा, नाहीतर एफआयआर करू. प्लॅटफॉर्मकडेही तक्रार केली, तिन्ही लिस्टिंग उडाल्या आणि 17 हजारांचं पेमेंट अडकलं. भाऊ विचारतात, ‘ताई, पैसे भरून मोकळा होऊ का? घरी आई रडून राहिली, पोलीस येतील म्हणते.’

भाऊ, आधी आईजवळ बसा आणि सांगा की या नोटिशीवरून पोलीस उद्या दारात येत नाहीत. ट्रेडमार्कचा गुन्हा कायद्यात आहे हे खरं, ट्रेडमार्क कायदा 1999 चं कलम 103, सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आणि 50 हजार ते 2 लाख दंड. पण त्याच कायद्याच्या कलम 115 प्रमाणे पोलिसांना वॉरंटशिवाय झडती-जप्ती करायची तर अधिकारी डीवायएसपी किंवा त्याच्या वरचा लागतो, आणि त्यानं आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यायचं असतं, नुसतं घ्यायचं नाही तर ते पाळायचंही असतं. कोणी ठाण्यात जाऊन ‘माझी ओळ चोरली’ म्हटलं आणि गाडी निघाली, असं होत नाही.

आता नोटीस. तिच्यात अर्जाचा नंबर दिलाय ते बरं झालं, कारण आयपी इंडिया या सरकारी वेबसाइटवर ट्रेडमार्कचा पब्लिक सर्च फुकट आहे, कोणीही करू शकतं, तुम्हीही करा आणि त्या पानाची तारखेसकट प्रिंट काढून ठेवा. मी तो नंबर टाकून पाहिला. क्लास 25, म्हणजे कपडे, इथपर्यंत त्यांचं बरोबर आहे. पण अर्ज मे 2025 चा आहे, स्टेटसमध्ये ‘ऑब्जेक्टेड’ लिहिलंय, मार्कच्या प्रकारात ‘डिव्हाइस’ लिहिलंय, आणि वापर कधीपासून या रकान्यात ‘प्रपोज्ड टू बी यूज्ड’. या तीन नोंदी तुमच्यासाठी फार कामाच्या आहेत, म्हणून एकेक करून सांगते.

ऑब्जेक्टेड म्हणजे रजिस्ट्रीच्या परीक्षकानंच हरकत घेतलीय आणि मार्क अजून रजिस्टर झालेला नाही. अर्ज केला की ‘टीएम’ लावता येतं, पण गोलातला ‘आर’ लावायला रजिस्ट्रेशनच लागतं, आणि कलम 29 खाली इन्फ्रिंजमेंटचा, म्हणजे मार्कच्या उल्लंघनाचा, दावा सुद्धा रजिस्टर्ड मार्कवरच उभा राहतो. म्हणजे नोटिशीतला ‘रजिस्टर्ड’ हा शब्दच खोटा आहे. तुमच्या उत्तरातला पहिला मुद्दा हाच.

डिव्हाइस म्हणजे त्यांनी त्यांच्या लोगोसाठी अर्ज केलाय, ते मिशीवालं तोंड आणि त्याखाली वाकडी अक्षरं. उद्या तो रजिस्टर झाला तरी कलम 17 प्रमाणे हक्क पूर्ण मार्कवर मिळतो, त्यातल्या साध्यासुध्या तुकड्यावर वेगळी मक्तेदारी मिळत नाही. आणि ‘काऊन बे’ तर बर्डीच्या रिक्षावाल्यापासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे दिवसभर म्हणून राहिले. रोजच्या बोलीत रूढ असलेले शब्द कोणा एकाला ट्रेडमार्क म्हणून देता येत नाहीत, कलम 9 मध्ये हे नकाराचं कारण म्हणूनच लिहिलंय. त्यात तुम्ही ती ओळ छातीवर मजकूर म्हणून छापली, गळ्यामागच्या लेबलवर किंवा दुकानाचं नाव म्हणून नाही. शर्ट कोणाचा आहे हे ती ओळ सांगत नाही, आणि ट्रेडमार्कचं काम तर तेवढंच असतं. फक्त तुमच्या स्टोअरचं नाव किंवा टॅग यात कुठेही ‘काऊन बे’ असेल तर आजच काढा, तिथे मात्र त्यांची बाजू वजनदार होते.

तिसरी नोंद सगळ्यात महत्त्वाची. रजिस्ट्रेशन नसलं तरी पासिंग ऑफचा, म्हणजे ‘आमच्या नावाआडून स्वतःचा माल खपवला’ असा, दावा करता येतो, कलम 27 मध्ये ती वाट मोकळी ठेवलीय, आणि त्यांचे वकील उद्या तिकडेच वळतील. पण त्यासाठी बाजारात त्या नावाची पत, गुडविल दाखवावी लागते. मे 2025 मध्ये यांनी स्वतः लिहून दिलंय की आम्ही हे नाव अजून वापरलेलं नाही, पुढे वापरू. तुमची पहिली विक्री 2024 च्या दिवाळीतली. मग कोणी कोणाच्या गुडविलवर धंदा केला?

पुढे हा अर्ज ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आला तर तेव्हापासून चार महिन्यांत कोणालाही विरोध नोंदवता येतो, ऑनलाइन फी 2,700 रुपये. नागपूरचे अर्ज मुंबईच्या रजिस्ट्रीत जातात, पण विरोध घरबसल्या भरता येतो. तो अर्ज नंबर मोबाइलमध्ये सेव्ह करा आणि स्टेटस अधूनमधून बघत जा.

तर ओळीसाठी 3 लाख सोडा, 3 रुपये पण देऊ नका.

पण तुमच्या मेलमध्ये एक वाक्य आहे त्यावर माझा जीव अडकला. तुम्ही लिहिलंय, ‘मारबत माझ्या मामेभावानं टॅबवर फोटो बघून काढून दिली, पैसे काही घेतले नाहीत, सावजीत जेवायला नेलं.’ भाऊ, खरा धोका इथे आहे. दुकानवाल्याला हे अजून माहीत नाही, म्हणून त्याला कळायच्या आधी नीट करून घ्या.

तुमचा सगळा धंदा ‘स्वतःचं डिझाइन’ या शब्दांवर उभा आहे. प्रिंट ऑन डिमांडवर अपलोड करताना तुम्ही जे टिक करता त्यात लिहिलेलं असतं की हे काम माझं आहे, यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही, आणि काही निघालं तर कंपनीचं नुकसान मी भरून देईन. आता कॉपीराइट कायदा 1957 चं कलम 17 म्हणतं की चित्राचा पहिला मालक ते काढणारा. चित्र सांगून काढून घेतलं म्हणून ते आपोआप तुमचं होत नाही. पैसे देऊन काढून घेतलेला फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट असेल तर कायद्यात थोडी वेगळी सोय आहे, पण ड्रॉइंग हा शब्द त्या यादीत नाही, आणि सावजीच्या जेवणाला मोबदला म्हणायचं का यावर कोर्टात वाद घालायची पाळी येऊच कशाला द्यायची? आज मामेभाऊ खूश आहे. उद्या शर्ट हजारांत विकले गेले, किंवा घरात जमिनीवरून बिनसलं, तर तोच म्हणू शकतो की चित्र माझं, आणि कायद्यानं तो बरोबर असेल.

म्हणून त्याच्याकडून असाइनमेंट, म्हणजे चित्राचे हक्क तुमच्या नावे केल्याचा कागद, लिहून घ्या. कलम 19 प्रमाणे ते लेखी आणि सहीचं लागतं, फोनवरचं ‘घे ना दादा’ चालत नाही. त्यात कोणतं चित्र ते लिहा, चित्राची प्रिंट सोबत जोडा, कोणते हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशासाठी आणि किती पैसे हे सगळं स्पष्ट लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतो, आणि तुमचे शर्ट तर दुबईला पण गेलेत म्हणता, म्हणून ‘जगभर’ लिहा. मिळालेला हक्क एक वर्षात वापरला नाही तर तो निघून जातो, तसं होऊ नये म्हणून त्याचंही एक वाक्य टाकून घ्या. आणि त्याला पैसे द्या, यूपीआयनं, रिमार्कमध्ये चित्राचं नाव टाकून. पोरानं रात्री बसून काढलंय, त्याचा हक्कच आहे तो.

यापेक्षा मोठं दुखणं म्हणजे ‘फोटो बघून’. कोणता फोटो? स्वतः मिरवणुकीत काढलेला, की पेपरमधला, की कोणाच्या इन्स्टावरचा? मामेभावाला आजच विचारा आणि तो मूळ फोटो मागवून चित्राशेजारी ठेवून बघा. मारबत ही कल्पना, तो पिवळा रंग, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी, हे सगळं नागपूरकरांचं आहे, सव्वाशे वर्षांहून जुनं आहे, त्यावर कोणाचा कॉपीराइट नाही. सुप्रीम कोर्टानं आर. जी. आनंदच्या केसमध्ये 1978 सालीच सांगितलं की कल्पना मोकळी असते, हक्क मांडणीवर असतो. पण तोच अँगल, तोच हात वर केलेला, साडीच्या तशाच चुण्या, मागे तीच गर्दी असं ट्रेस केलेलं असेल तर ती फोटोग्राफरच्या मांडणीची नक्कल झाली, आणि फोटोवरचा कॉपीराइट फोटोग्राफरच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. त्यात मारबतीची मूर्ती दरवर्षी कारागीर नव्यानं घडवतात आणि मिरवणुकीनंतर तिचं दहन होतं. सार्वजनिक जागी कायमच्या असलेल्या शिल्पाचं चित्र काढायला कलम 52 मध्ये सूट आहे, पण कायमच्याच, म्हणून ती सूट इथे हक्कानं मागता येत नाही. झिरो माइलच्या घोड्यांचं उलट, ते वर्षानुवर्षं तिथेच उभे आहेत, ते चित्र तुम्ही स्वतः काढलंय, त्याची काळजीच करू नका.

मी इतका जोर का देतेय, तर कॉपीराइटच्या गुन्ह्याला ट्रेडमार्कसारखी रजिस्ट्रारच्या मताची पायरी नाही. कलम 63 खाली जाणूनबुजून केलेल्या नकलेला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि मे 2022 मध्ये निट प्रो केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. ज्या ओळीला तुम्ही घाबरून राहिले त्यापेक्षा हे चित्र कितीतरी जास्त महाग पडू शकतं. चित्र ट्रेस केलेलं निघालं तर ती लिस्टिंग परत मागूच नका. फोटोग्राफरची लेखी परवानगी घ्या, नाहीतर यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत स्वतः जा, भरपूर फोटो काढा आणि त्यावरून मामेभावाला नवीन चित्र काढू द्या. अक्षरांचा फॉन्टही बघून घ्या, मुक्ता, बालू असे मोकळ्या लायसन्सचे देवनागरी फॉन्ट धंद्यासाठी वापरता येतात, कुठून तरी डाउनलोड केलेला असेल तर बदला.

नोटिशीला उत्तर सात दिवसांच्या आत द्या, वकिलाच्या लेटरहेडवर, पोस्टानं आणि ईमेलनं. व्हॉट्सॲपवर त्यांच्याशी एक शब्द बोलू नका, ‘सॉरी, माहीत नव्हतं’ एवढं पण नाही, कारण तेच पुढे कबुली म्हणून दाखवतात. उत्तरात फक्त ओळीबद्दल बोला, मारबतीचा विषय त्यांनी काढलेला नाही तर तुम्हीही काढू नका. शेवटी लिहा की ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 142 प्रमाणे बिनबुडाच्या धमकीविरुद्ध दावा करायचा आमचा हक्क राखून ठेवतो. दरम्यान काहीही डिलीट करू नका. पहिल्या अपलोडचा मेल, पहिल्या ऑर्डरचं इनव्हॉइस, डिझाइनची लेयरवाली मूळ फाइल, सगळं दोन जागी ठेवा. कोर्टात लागलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट जोडून ते देता येतं.

प्लॅटफॉर्मला आधी एकच प्रश्न लेखी विचारा, तक्रार ट्रेडमार्कची आहे की कॉपीराइटची? त्यांच्या मेलमध्ये नुसतं ‘इंटेलेक्च्युअल प्रॉपर्टी’ लिहिलंय. कॉपीराइटची असेल तर 2013 च्या नियमांप्रमाणे तक्रारदारानं 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर प्लॅटफॉर्म मजकूर परत सुरू करू शकतो. ट्रेडमार्कला ते 21 दिवस लागू नाहीत, तिथे सर्चच्या पानाची प्रिंट आणि आपलं उत्तर पाठवून झिरो माइल आणि ओळवाला शर्ट एवढे दोनच परत मागायचे. झिरो माइलवर तर ती ओळच नाही, तो कोणत्या कारणानं काढला हे त्यांना सांगावंच लागेल. कंपनी अमेरिकेतली असेल आणि काउंटर नोटीसचा, म्हणजे काढलेली लिस्टिंग परत मागायचा, फॉर्म पाठवला तर मला किंवा तुमच्या वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका, त्यात तुम्ही शपथेवर बोलता आणि तिथल्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य करता.

अडकलेल्या पेमेंटचं कारण वेगळंही असू शकतं. तुम्ही म्हणता जीएसटी नंबर नाही. करारात विक्रेता कोण आहे ते बघा. कंपनी स्वतः विकून तुम्हाला डिझाइनचे पैसे देत असेल तर वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत तुम्हाला नंबर लागत नाही. पण बिल तुमच्या नावानं निघत असेल आणि शर्ट महाराष्ट्राबाहेर जात असतील तर पहिल्या रुपयापासून रजिस्ट्रेशन लागतं, माल विकणाऱ्यांसाठीची 40 लाखांची मर्यादा तिथे कामाची नाही. हा करार, मामेभावाचं उत्तर आणि तो मूळ फोटो, तिन्ही मला सोमवारच्या आत पाठवा, म्हणजे नोटिशीच्या उत्तराचा मसुदा मुदतीत होईल.