दरडीत माणूस गेलं, पण देह मिळाला नाही. आईला कसं सावरावं?

तुम्ही लिहिलंय की मामी दरडीखाली गेल्या, देह मिळाला नाही, आणि पाऊस लागला की आई रात्रभर जागी बसते. हे दुःख फार अवघड. देह दिसत नाही तोवर मन ‘गेली’ म्हणायला तयारच होत नाही. रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीत १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली, चार दिवसांनी शोध थांबला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते. म्हणजे तुमच्या आईसारखी वाट बघणारी माणसं कितीतरी आहेत.

‘आता विसर’ असं कृपा करून कोणी म्हणू नका. आईला मामींबद्दल बोलू द्या, तेच तेच दहादा सांगितलं तरी ऐका. देह नसला तरी निरोप देता येतो. आपल्याकडे त्यासाठी पालाशविधी आहे, म्हणजे पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिच्यावर अंत्यसंस्कार करतात. तो नको असेल तर मामींच्या आवडीचं रोप लावा, पण आईच्या मनाची तयारी झाल्यावरच.

पावसाच्या रात्री तिला एकटं ठेवू नका. दिवा चालू असू द्या, शेजारी कोणीतरी झोपा. सकाळी तिच्या हाताला नेहमीचं काम असू द्या.

महिने उलटूनही झोप-जेवण सुटलेलं राहिलं, किंवा ‘मलाही जायचंय’ असं ती बोलली, तर थांबू नका. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा सरकारी, मोफत नंबर आहे, रात्रीसुद्धा चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आणि तुम्ही स्वतः रडलात का? मामी तुमच्याही होत्या.