सहा संगणक, बत्तीस मुलं

वाचकांचे प्रश्न : शाळेतला संगणक

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत सहावीत ३२ मुलं आहेत आणि चालू संगणक सहाच. तास ४० मिनिटांचा, नेटचा भरवसा नाही. स्क्रॅच (ब्लॉक जोडून प्रोग्रॅम करायची मुलांसाठीची भाषा) शिकवायला घेतलं, पण माउस दोन-तीन चुणचुणीत मुलांच्याच हातात राहतो, बाकीची मागे उभी. काय करावं? – एक शिक्षिका, अकोले तालुका

उत्तर : वर्गाचे १६-१६चे दोन गट पाडा. चार संगणकांवर तिघं-तिघं आणि दोनांवर दोघं-दोघं बसली की एक गट मावतो. पहिली पाच मिनिटं तुम्ही सांगायचं, मग पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन पाळ्या, शेवटची पाच मिनिटं आवराआवरीला. तिघांच्या संगणकावर दर पाच मिनिटांनी खुर्ची बदलायची, आणि उठण्याआधी फाइल सेव्ह करायची. वीज गेली तर पाच मिनिटांचंच काम जातं. नियम एकच, पण कडक पाळा : ज्याची पाळी नाही त्याने माउसला हात लावायचा नाही, काय करायचं ते तोंडाने सांगायचं. ‘ते तिकडे ने’ म्हणून भागत नाही, ‘निळ्यातला वळायचा ब्लॉक घे, त्यात ९० लिही’ असं नेमकं बोलावं लागतं. मागे उभं राहणारं मूल इथेच कामाला लागतं.

दुसरा गट तोवर पटांगणात. एक मूल रोबो होईल, बाकीची हुकूम देतील : चार पावलं पुढे, उजवीकडे ९० अंश. एकाने खडू घेऊन मागून रेघ ओढायची. चौकोन जमला की समभुज त्रिकोण द्या. बहुतेक मुलं ६० अंश वळायला सांगतात, कारण त्रिकोणाचा कोन ६० हे भूमितीत पाठ झालेलं असतं. तीन बाजू चालून होतात, पण रेघ सुरुवातीला येऊन मिळत नाही. जमिनीवर अर्धा षटकोन उमटलेला असतो. चालणाऱ्याला वळायचं असतं ते बाहेरच्या कोनातून, म्हणजे १८०मधून ६० वजा, १२० अंश. कृपा करून हे आधी सांगू नका. पायांनी चुकून कळलं की पडद्यावर तीच चूक मुलं आपली आपण सुधारतात.

स्क्रॅचची ऑफलाइन आवृत्ती एकदा पेन ड्राइव्हवर आणली की नेट लागत नाही. तिसऱ्या आवृत्तीला विंडोज १० लागतं. त्याहून जुन्या संगणकांवर १.४ टाकता येते, पण तिसऱ्या आवृत्तीत केलेली फाइल तिच्यात उघडत नाही. म्हणून शक्य असेल तर सगळीकडे एकच आवृत्ती ठेवा. तिसऱ्या आवृत्तीत पेन (रेघ काढायचे ब्लॉक) आधीपासून नसतो, डाव्या कोपऱ्यात तळाच्या बटणातून घ्यावा लागतो. ‘रेघच उमटत नाही’ अशी तक्रार आली तर पेन खाली टेकवायचा ब्लॉक राहिलेला असतो. पडद्यावरचं मांजर जिथे फिरतं तो मंच मध्यापासून उजवी-डावीकडे २४० आणि वर-खाली १८० एवढाच आहे. ३०० पावलं दिली की मांजर कडेला अडतं आणि चौकोन बिघडतो. सुरुवातीला १०० पावलं ठेवा.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. मोबाइलवर इंग्रजी अक्षरांतून मराठी झरझर लिहिते. तिला इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची कीबोर्डची मांडणी) शिकवण्यात अर्थ आहे का? – एक पालक, ठाणे

उत्तर : आहे, आणि आठवी हे वय त्यासाठी उत्तम. इंग्रजी अक्षरांतून लिहिताना मूल आधी मराठी शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग जुळवतं आणि पुढचं मोबाइल सुचवतो त्या शब्दांच्या यादीवर सोडतं. यादीत ‘पाणी’च्या शेजारी ‘पानी’ही असतं, मग न-ण आणि ऱ्हस्व-दीर्घ यांच्यावरची नजर सैल होते. इनस्क्रिप्टमध्ये प्रत्येक अक्षर आपण निवडतो. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१च्या आयएस १३१९४ या मानकात ही मांडणी आहे. मराठीत ज्या कळेवर ‘क’ तिथेच गुजराती, कन्नड, बंगालीतही ‘क’. एकदा बोटं बसली की दुसरी लिपी लिहितानाही उपयोगी पडतात.

विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि कीबोर्ड निवडताना इनस्क्रिप्ट की फोनेटिक (इंग्रजी अक्षरांतून लिहायचा) हे नीट वाचा, इथेच गफलत होते. ढोबळमानाने स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. पाय मोडायची कळ डी. ‘क्त’ म्हणजे के, डी, एल. वेलांटी पहिली असो वा दुसरी, अक्षरानंतर दाबायची. कागदावर पहिली वेलांटी आधी दिसते म्हणून मुलं ती आधी दाबतात आणि ती रिकाम्या गोलावर जाऊन बसते.

आता एक बारकावा. ‘सूर्या’मधला ‘र्या’ जे, डी, स्लॅश, ई असा येतो. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ हवा असेल तर पहिली कळ शिफ्टसह जे, बाकी सगळं तेच. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी छापील पत्रकांत ‘दुसर्या’ असं वाचावं लागतं. रोज पंधरा मिनिटं पुरेत, मात्र कळांवर अक्षरांचे स्टिकर लावू नका. तक्ता पडद्याशेजारी टांगा, म्हणजे नजर हातांवर राहणार नाही.

प्रश्न : सातवीतल्या एका मुलीचा चेहरा अश्लील चित्राला जोडून ते मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवलं गेलं. करणाराही आमच्याच शाळेतला. शाळेतच मिटवावं का? – एक मुख्याध्यापक, सोलापूर जिल्हा

उत्तर : नाही, सर. १८ वर्षांखालच्या मुलीचं असं चित्र जोडून बनवलेलं असलं तरी ते पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली येतं. कलम १९प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने कळवलं नाही तर कलम २१मध्ये एक वर्षापर्यंत कैद आहे.

पुरावा म्हणून ते चित्र स्वतःच्या फोनवर घेऊ नका, शिक्षकांच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. ते पुढे पाठवणं हाही गुन्हाच. कागदावर लिहा : कोणता ग्रुप, कोणत्या नंबरवरून, तारीख, वेळ, तुम्हाला कुणी सांगितलं. मुलीच्या पालकांना त्याच दिवशी भेटा, मग पोलीस ठाणं. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला आणि बालकांसाठी तक्रारीचा वेगळा विभाग आहे. १९३० हा क्रमांक पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८.

मुलीला ‘चार दिवस घरी थांब’ म्हणू नका, तिचा बाक बदलू नका, प्रार्थनेच्या वेळी हा विषय काढू नका. तिने काहीही चुकीचं केलेलं नाही आणि हे तिला शाळेकडून स्पष्ट शब्दांत ऐकू आलं पाहिजे. ज्या मुलाने केलं त्याला मारून किंवा वर्गासमोर उभं करून काही साधत नाही. तोही अल्पवयीन आहे, त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल. पुढच्या आठवड्यात वर्गाशी बोलाल तेव्हा ज्यांनी फक्त पुढे पाठवलं, त्यांच्याबद्दलही बोला. मुलांना तो गुन्हा वाटतच नाही.

प्रश्न : सुटीनंतर शाळेतले डेस्कटॉप सुरू केले तर तारीख कितीतरी वर्षं जुनी दिसते आणि नेट असूनही वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत. व्हायरस असेल का? – एक शिक्षक, चंदगड

उत्तर : बहुधा नाही. मदरबोर्डवरचा (संगणकाच्या आतल्या मुख्य पट्टीवरचा) सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा बटणसेल संपला असेल. वीज बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. वेबसाइट खरी असल्याची खूण म्हणजे तिचं प्रमाणपत्र, आणि त्याला मुदत असते. संगणकाची तारीख त्या मुदतीबाहेर गेली की ब्राउझर ते नाकारतो. आज काम भागवायचं तर तारीख-वेळ हाताने दुरुस्त करा.

सेल मुलांसमोरच बदला. प्लग काढा, चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा, मग बाजूची पट्टी काढा. सेलच्या कडेची क्लिप नखाने ढकलली की तो वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण वर. जुना सेल चिकटपट्टीत गुंडाळून लगेच कुलपात टाका. लहान मुलाने असा सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते, अशा वेळी वाट न बघता थेट रुग्णालयात न्यावं.