कोळी-ऑर्किड दुसऱ्या वर्षी उगवत का नाही?

प्रश्न : ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागातल्या कॅलाडेनिया या कोळी-ऑर्किडचे रोपवाटिकेतले कंद ताज्या मिश्रणात लावले. पहिल्या वर्षी एकच केसाळ पान आले, पुढच्या वर्षी काहीच नाही. खतपाणी वेळेवर दिले होते. चुकले कुठे?

उत्तर : खत आणि ताजे मिश्रण, दोन्ही नडले. या ऑर्किडला मुळे जवळजवळ नसतातच. पोषण मिळते ते बुरशीकडून, आणि ती राहते पानाच्या तळाशी, मातीत दडलेल्या जाडसर गळ्यात. कंदात ती नसते. दरवर्षी नवा गळा मातीतूनच बुरशी घेतो. ताज्या मिश्रणात ती नव्हती. पहिले पान जुन्या कंदाच्या शिदोरीवर आले, नवा कंद भरलाच नाही. शिवाय खत या बुरशीला मानवत नाही.

दोन भाग जाड धुतलेली वाळू, एक भाग माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा घ्या आणि त्यात ही ऑर्किडे वाढत असलेल्या जुन्या कुंडीतली मूठभर माती मिसळाच. कंद तीन-चार सेंटिमीटर खोल लावा. त्याभोवतीचे तंतुमय वेष्टन सोलू नका, नवा कंद त्यातच वाढतो. वर सुरूच्या काड्या कापून पसरा, म्हणजे पानावर चिखल उडत नाही.

तिकडच्या शरद ऋतूत (मार्च ते मे) पाणी सुरू करा, हिवाळाभर ओल ठेवा. वसंतात फुलून पान पिवळे पडले की पाणी तोडा. उन्हाळ्यात ओल्या राहिलेल्या कुंडीत कंद कुजतो. गोगलगायींवर नजर ठेवा. एकुलते पान खाल्ले की वर्ष बुडाले.

रानातले कंद मात्र कधीही उपटू नका.