खंडेनवमीच्या पाटावर आजोबांचं मेडल

बाय, तुझा व्हॉइस मेसेज ड्युटी संपल्यावर ऐकला. आजोबांनी म्हापशाच्या दुकानात वजनकाटा, पान्हे, पक्कड, करवत सगळं पाटावर मांडलं नि मधोमध ते मेडल ठेवलं, नि तुझा प्रश्न, मेडल तर कपाटात ठेवायचं ना, ते खिळ्यांच्या काट्याशेजारी कशाला?

अगं, ज्याच्या जिवावर घर चालतं त्याला खंडेनवमीला हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. शेतकरी नांगर-कोयता पुजतो, ड्रायव्हर बसला हार घालतो, पलटणीत रायफली पुजतात. आजोबांचं आधी बंदुकीवर चाललं, मग काट्यावर, म्हणून दोन्ही एकाच पाटावर, बस्स.

मेडलचं नाव पूर्वी स्टार, १९७१ च्या लढाईत पूर्वेकडे लढले त्यांना मिळालेलं. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, जंगी पलटण म्हणतात तिला. ब्रह्मपुत्रा ओलांडून ह्यांनी आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरच्या मागचा टांगाइलचा रस्ताच अडवला, मग आतल्या पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी गेली, तर पठ्ठ्याने उत्तरासोबत बंदुकीची गोळी घालून पाठवली! १० डिसेंबरच्या रात्री ते लोक वेढा फोडून बाहेर पडायला आले, पलटण हलली नाही, नि १६ तारखेला तर ढाका पडलंच. हे मला त्यांच्या पलटणीतल्या दोस्ताने सांगितलं हां, आजोबांना विचारलंस तर थंडी नि ओले बूट ह्यापलीकडे गाडी जात नाही.

रिटायर होऊन दुकान टाकलं तेव्हा धंद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पावसात कामं बंद, मेस्त्री रिकामे, हे बिनधास्त माल उधार द्यायचे, गणपतीची चवथ झाली की देतील म्हणून, काहींनी दिले, काहींनी बुडवले. दुकान तरलं ते आजीमुळे असं माझं स्पष्ट मत, आजोबांनाही पटतं, फक्त ती समोर नसताना. कुणाकडे किती बाकी ते तिला तोंडपाठ. पाटावर ती लाल वही बघितलीस ना, ती तिचीच. आणि आजोबांचं एक, गिऱ्हाईक कितीही असो, आठला शटर खाली, आम्हां पोरांसोबत जेवायचं, नि जेवण झाल्यावर आमचे शाळेचे बूट तपासायचे, पॉलिश नसेल तर झोप नाही.

पुढच्या वर्षी काटा पुसायचं काम तू मागून घे. फडका कोरडा घे, गंज लगेच धरतो. आणि वहीला दसऱ्यापर्यंत हात लावू नकोस, आजी ओरडेल.