वाचक विचारतात: एडिनबराला स्वस्तात राहायचं तर नक्की कुठे?

प्रश्न: ताई, नमस्कार. माझी नणंद स्विंडनला असते. आम्ही चौघं, म्हणजे मी, हे, सासूबाई (वय ७१, गुडघ्यांचं दुखणं आहे) आणि ११ वर्षांचा मुलगा, चवथीच्या आधी ऑगस्टमधे तिच्याकडे जायचं म्हणतोय आणि तिथून चार रात्री एडिनबरा. तीन हॉटेलं काढून ठेवलीयत. एक रॉयल माइलपासून "२ मिनिटांवर" जुन्या इमारतीतलं गेस्टहाऊस, ते सगळ्यात स्वस्त. दुसरं हेमार्केट स्टेशनजवळ चेन हॉटेल, ते महाग पडतंय. तिसरं एअरपोर्टच्या बाजूला. नणंदेचे मिस्टर म्हणतात ह्यातलं काहीच नको, सरळ ग्लासगोला राहा. आम्ही एका खोलीत चौघं ॲडजस्ट करू शकतो, त्याचा काही प्रॉब्लेम नाही. काय करू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: तुम्हाला नाही प्रॉब्लेम, हॉटेलवाल्यांना आहे. पण ते नंतर, आधी ऑगस्टचं बोलूया.

आपल्याकडे २५ डिसेंबर ते १ जानेवारी कळंगुटला खोली शोधणारा पाहुणा फोन करतो तेव्हा आपण मनातल्या मनात हसतो ना, तसंच एडिनबराचं माणूस तुमचा ऑगस्ट ऐकून हसेल. १९४७ पासून तिथे ऑगस्टमधे नाटक-संगीताचा मोठा फेस्टिवल असतो, त्याच्या जोडीला फ्रिंज (गावभर चालणारे छोटेमोठे शो), किल्ल्यासमोर मिलिटरी टॅटू (गोंदण नव्हे, लष्करी बँडचा सोहळा), आणि जवळजवळ अख्खा महिना गावात पाय ठेवायला जागा नसते. एरवी बजेट म्हणवणारी हॉटेलंही त्या दिवसांत बजेट राहत नाहीत, म्हणून तुम्ही जे "महाग" बघितलंय ते हॉटेल महाग नाहीये, महिना महाग आहे. तारखा सप्टेंबरात चवथ झाल्यावर किंवा मे महिन्यात ढकलता येत असतील तर हे पुढचं सगळं वाचायच्या आधी तेच करा, कुठल्याही कूपन कोडपेक्षा जास्त पैसे वाचतील. (मेमधे इथल्या उकाड्यातून सुटका हा बोनस.) आणि हो, ३१ डिसेंबरलाही तीच गत, त्याला ते हॉगमनी म्हणतात. फेब्रुवारी-मार्चमधे ज्या शनिवारी मरेफील्ड स्टेडियमवर रग्बीची मॅच असते तो वीकेंडपण टाळा.

आता ते "२ मिनिटांवर". आपण गोंयकार, आपल्याला हॉटेलवाल्यांचं "समुद्रापासून ५ मिनिटं" काय असतं ते शिकवायला नको, पण परक्या गावात आपणही त्याच खड्ड्यात पडतो. मी पडलेय. पहिल्यांदा गेले तेव्हा मॅपवर वेव्हर्ली स्टेशन आणि माझं गेस्टहाऊस ह्यांच्यात बोटाच्या पेराएवढं अंतर दिसत होतं म्हणून टॅक्सी केली नाही. स्टेशनातून बाहेर पडले तर समोर दोन भिंतींच्या मधून वर जाणारा दगडी जिना, वर पाऊस, हातात दोन बॅगा, त्यातल्या एकीत भाच्यासाठी नेलेली सोलां आणि दोन किलो उकडे तांदूळ. वर पोचले तर इमारतीला लिफ्ट नाही आणि माझी खोली चौथ्या मजल्यावर. वेबसाइटवर लिफ्ट आहे असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, नाही असंही लिहिलेलं नव्हतं. त्या दिवसापासून माझा एक नियम झाला, लिफ्ट आहे असं लिहिलेलं नसेल तर ती नाही असंच समजायचं.

त्याचं कारण गावाच्या ठेवणीतच आहे. एडिनबराचं ओल्ड टाउन डोंगराच्या सोंडेवर बसलंय, वर किल्ला आणि तिथून खाली होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा रस्ता म्हणजे रॉयल माइल, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खाली उतरणारे अरुंद बोळ, त्यांना क्लोज म्हणतात, त्यातल्या बऱ्याच बोळांना पायऱ्या. शिवाय काही रस्ते चक्क एकावर एक आहेत. साउथ ब्रिज नावाचा रस्ता वरून जातो आणि काउगेट त्याच्या खालून, मॅपवर दोन्ही एकमेकांना चिकटलेले दिसतात. पणजीत फोंतेन्हास आणि आल्तिनो मॅपवर शेजारी आहेत म्हणून कोणी आजीला घेऊन चालत वर जात नाही, तसंच हे. त्यात काउगेट आणि ग्रासमार्केट म्हणजे रात्रीचे बार, शुक्रवार-शनिवारी पहाटेपर्यंत गोंगाट. तरुण मुलांना तीच मजा, सासूबाईंना नाही.

म्हणून तुमचा पहिला पर्याय, गेस्टहाऊस, मी तरी काढून टाकते. गेस्टहाऊस वाईट असतात असं नाही हां, न्यूइंग्टन भागात, मिंटो स्ट्रीटच्या बाजूला, घरगुती चांगले मिळतात आणि बस दारात थांबते, पण बहुतेक जुने बंगले, लिफ्ट क्वचितच, तेव्हा तिथे घ्यायचं तर तळमजल्याची खोली मेल करून लेखी मागून घ्यायची.

एडिनबरालाच राहायचं तर हेमार्केटचं घ्या. का ते सांगते. तो भाग त्यातल्या त्यात सपाट आहे, रेल्वे स्टेशन आणि ट्रामचा स्टॉप एकमेकांना लागून आहेत, एअरपोर्टहून येणारी ट्राम तिथेच थांबते, आणि प्रिन्सेस स्ट्रीटच्या, म्हणजे गावातल्या मुख्य रस्त्याच्या, टोकापर्यंत चालत दहा-पंधरा मिनिटं, कंटाळा आला तर ट्राम आहेच. तुम्ही लंडनहून किंग्ज क्रॉसची गाडी पकडणार असाल तर ती साधारण साडेचार तासांत वेव्हर्लीला पोचवते, तिथे प्रिन्सेस स्ट्रीटच्या बाजूने बाहेर पडा, त्या बाजूला सरकते जिने आणि लिफ्ट आहे. मी गेले त्या बाजूने जाऊ नका. नाहीतर वेव्हर्लीतूनच हेमार्केटला जाणारी कुठलीही लोकल पकडा, पाचेक मिनिटांचं काम. बसमधे सुट्टे पैसे परत देत नाहीत, कार्ड टॅप करा. आपल्या कदंबच्या कंडक्टरशी हुज्जत घालायची सवय तिथे उपयोगाची नाही.

एअरपोर्टजवळचं स्वस्त दिसतं खरं, पण चौघांचं रोज येणंजाणं मोजा, शिवाय एअरपोर्ट स्टॉपचं ट्रामचं तिकीट शहरातल्या तिकिटापेक्षा बरंच जास्त असतं. आणि खरा तोटा पैशांचा नाहीच, दुपारी सासूबाईंना तासभर आडवं व्हायचं असेल तर परत खोलीवर येता येत नाही, आणि मग सगळ्यांचीच दुपार कुठल्यातरी कॅफेत त्यांच्याकडे बघत जाते. परतीचं विमान पहाटेचं असेल तर शेवटची एक रात्र तिथे काढा, बस.

आता चौघं एका खोलीत. आपल्याकडे रिसेप्शनला "एक गादी टाका" म्हटलं की टाकतात. तिथे टाकत नाहीत. आगीच्या नियमांमुळे खोलीत किती माणसं हे ठरलेलं असतं, आणि चेन हॉटेलांतली फॅमिली रूम साधारण दोन मोठी माणसं आणि दोन लहान मुलं एवढ्याच हिशोबाची. सासूबाई तिथे मोठ्या माणसात मोजल्या जाणार, म्हणजे तुम्ही तीन अधिक एक. तेव्हा दोन खोल्या घ्याव्याच लागतील, एक डबल आणि एक ट्विन. डबल म्हणजे एकच मोठा पलंग, ट्विन म्हणजे दोन वेगळे, हे बुक करताना नीट बघा, नाहीतर आजी आणि नातू एका पांघरुणासाठी रात्रभर ओढाओढ करतील. ट्विन आजी-नातवाला द्या. शेजारच्या खोल्या हव्यात हे आधी फोन करून सांगायचं, मधे दार असलेल्या खोल्या हव्या असतील तर तेही वेगळं सांगायचं, ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

बाथरूमबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. तिथे पुष्कळ ठिकाणी शॉवर बाथटबच्या वर असतो, म्हणजे टबचा तो उंच काठ ओलांडून आत जायचं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ओल्या टबमधून बाहेर येणं ही परीक्षाच असते. म्हणून ट्विन खोलीला वॉक-इन शॉवर आहे का हे विचारा, नाहीतर ॲक्सेसिबल रूम मागा. बादली-मग नसतो, आणि टबच्या बाहेर पाणी जायला जाळी नसते, तेव्हा आपल्यासारखं भसाभसा पाणी ओतलंत तर ते खालच्याच्या छतातून निघतं. टॉयलेटला जेट नसतो, प्लास्टिकचा छोटा मग बॅगेत टाका, लाजू नका, सगळे नेतात. पंखा आणि एसी बजेटवाल्यांत बऱ्याचदा नसतोच, त्याची गरजही फारशी पडत नाही. जूनमधे गेलात तर मात्र पहाटे साडेचारलाच उजाडतं, पडदे जाड आहेत का हे रिव्ह्यूत बघा.

आता हिशोब. समजा एका ठिकाणी खोली ७० पौंडांना आणि दुसरीकडे ९० ला, तर आपला हात आपोआप ७० कडे जातो. पण ९० वाल्याकडे सकाळचा नाश्ता धरलेला असेल किंवा मुलाला फुकट असेल तर चित्र उलटं होतं. प्रीमियर इन ह्या चेन हॉटेलांत पूर्ण नाश्त्याचे पैसे भरणाऱ्या एका मोठ्या माणसामागे १६ वर्षांखालच्या दोन मुलांना नाश्ता फुकट देतात, ११ वर्षांचा मुलगा केवढं खातो ते तुम्हाला ठाऊकच आहे. अजून एक, एडिनबरा महापालिकेने पर्यटकांवर कर बसवलाय, २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामाला खोलीच्या भाड्यावर ५ टक्के, सलग मुक्कामाच्या पहिल्या पाच रात्रींपर्यंत. म्हणजे ९० च्या खोलीमागे रात्रीला साडेचार पौंड, दोन खोल्या, चार रात्री, एकूण ३६ पौंड. बुकिंगच्या किमतीत तो धरलाय की नाही ते बघा. आणि नाश्त्याला ब्लॅक पुडिंग दिसलं तर ते गोड नसतं, त्यात रक्त असतं, सोरपोतेल खाणाऱ्यांना काही वाटणार नाही पण श्रावण पाळणाऱ्या सासूबाईंच्या ताटात चुकून जाऊ देऊ नका. हॅगिस हा तिथला मेंढीच्या मांसाचा पदार्थ, पण शाकाहारी हॅगिसही मिळतं, तेही बरं लागतं.

नणंदेच्या मिस्टरांचा ग्लासगोचा सल्ला मात्र मी उडवून लावणार नाही. ऑगस्टच पक्का असेल तर तेच करा. एडिनबरा ते ग्लासगो क्वीन स्ट्रीट रेल्वेने साधारण ५० मिनिटं, पणजीहून काणकोणला जायला ह्याहून जास्त वेळ लागतो, आणि दिवसभर गाड्या एकामागून एक असतात. १ सप्टेंबर २०२५ पासून स्कॉटरेलने गर्दीच्या वेळेचं महाग तिकीटही बंद केलंय, सकाळी निघा नाहीतर दुपारी, भाडं तेच. जॉर्ज स्क्वेअरच्या आसपास खोली घ्या म्हणजे स्टेशन हाकेवर, दोन दिवस एडिनबराला जाऊन या, दोन दिवस ग्लासगो बघा. केल्विनग्रोव्ह म्युझियम फुकट आहे आणि मुलाला १८९६ ची गोल फिरणारी भुयारी रेल्वे आवडेल, पंधराच स्टेशनं, झोपलात तर परत तिथेच येता. फक्त फेस्टिवलचा रात्रीचा शो बघायचा असेल तर परतीची शेवटची गाडी आधी बघून ठेवा. आणि विमान ग्लासगोला घेतलंत तर "प्रेस्टविक" नाव दिसलं की थांबा, ते गावाबाहेर खूप लांब, समुद्राकाठी आहे.

शेवटचं, व्हिसा. तो हातात येईपर्यंत रद्द करता येणारंच बुकिंग घ्या, "सेव्हर" रेट कितीही गोड दिसला तरी ते पैसे परत येत नाहीत. तुमच्या मिस्टरांकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्यांना व्हिसा नाही पण ईटीए (निघण्याआधी ऑनलाइन घ्यायची प्रवासाची परवानगी) काढावंच लागतं, ते विसरून विमानतळावर अडकलेली मंडळी आपल्या ओळखीत निघतीलच.

प्रश्न: मुलगा शिकायला जातोय, तत्पूर्वी जुलैत एकटाच आठवडाभर एडिनबरा फिरणार आहे. हॉस्टेलमधे ठेवू की नको? भीती वाटते.
– एक आई, म्हापसा

उत्तर: ठेवा हो. ठेवू की नको हा प्रश्न आपण विचारायचा, तो तर केव्हाच बुक करून बसला असेल. डॉर्ममधे पलंगाला पडदा आणि स्वतःचा लॉकर आहे का बघायला सांगा, कुलूप त्याने घरूनच न्यायचं. एकट्याची खोली हवी असेल तर उन्हाळ्यात विद्यापीठाची वसतिगृहं रिकामी असतात आणि ती पाहुण्यांना देतात. एडिनबरा विद्यापीठाचं पोलॉक हॉल्स अगदी होलीरूड पार्कला लागून आहे, सकाळी उठून २५१ मीटरचं आर्थर्स सीट चढून नाश्त्याला परत येता येतं. कोणाचा फ्लॅट भाड्याने घेणार असेल तर जाहिरातीत लायसन्स नंबर आहे का बघा, स्कॉटलंडमधे तो आता सक्तीचा आहे.

प्रश्न: खोलीत छोटा राइस कुकर नेला तर चालेल का? आमच्या ह्यांना पेज लागते.
– एक वाचक, मडगाव

उत्तर: नको. वाफेने धुराचा अलार्म वाजला तर अख्खं हॉटेल रात्रीच्या कपड्यांत रस्त्यावर येतं आणि सगळ्यांना कळतं की ते पेजेमुळे. खोलीत पाणी तापवायची किटली बहुतेक ठिकाणी असते, तिच्यात फक्त पाणी. पेज हवीच असेल तर छोटी स्वयंपाकाची सोय असलेलं अपार्टहॉटेल घ्या, आणि चौकोनी तीन पिनचा ॲडॅप्टर न्यायला विसरू नका, आपला प्लग तिथे बसत नाही. लोणच्याची बाटली मात्र कापडात गुंडाळून चेक-इन बॅगेत.