रिमांड होममधल्या मुलाला भेटायला जाताना

ताई, आधी एक काम करा. तुमच्या प्रश्नात भाच्याच्या शाळेचं नाव आणि इयत्ता आली आहे, ती पुसून टाका. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असं नाव, शाळा, पत्ता, फोटो यातलं काहीच प्रसिद्ध करता येत नाही. 6 महिन्यांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी फोटो फिरवत असेल तर त्यालाही हे ऐकवा.

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात: खानापूर तालुक्यातला 16 वर्षांचा मुलगा दुचाकी चोरीच्या प्रकरणात दोन मोठ्या पोरांबरोबर बेळगावात सापडला. मोठे दोघे हिंडलग्याच्या तुरुंगात, हा निरीक्षणगृहात, म्हणजे रिमांड होममध्ये. वडील गोव्यात कामाला, आईला कन्नड येत नाही. पहिल्या भेटीला आई आणि आत्या, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या ताई, जाणार. काय न्यायचं, काय बोलायचं, तो सुटणार कधी?

विधी सेवा प्राधिकरणाचा स्वयंसेवक म्हणून मी बरीच वर्षं अशा घरांबरोबर ये-जा करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गावात 'पोराला हिंडलग्याला टाकलं' असं बोलतायत, ते डोक्यातून काढा. 18 च्या आतल्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही आणि तुरुंगातही नाही. 24 तासांत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली एक तरी बाई. मोठ्या दोघांचा खटला आणि याची चौकशी एकत्र चालतच नाही. म्हणून त्या दोघांच्या वकिलानं 'सगळ्यांचं मीच बघतो, काळजी करू नका' म्हटलं तर मान डोलावू नका. सगळं पोरावर ढकललं की त्याच्या अशिलांचं काम सोपं होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मुलाला वकील फुकट मिळतो, घरचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 ला फोन लावा.

भेटीचे वार आणि वेळ अधीक्षक ठरवतात. आदल्या दिवशी फोन करून विचारा, नाहीतर फाटकावरून परत यावं लागतं. दोघींची आधार कार्डं, रेशन कार्ड (नातं त्यावरून दिसतं) आणि मंडळाच्या आदेशाची झेरॉक्स घ्या. शाळेचा जन्मतारखेचा दाखला तर हवाच. तो भेटीपेक्षा वयासाठी लागतो, कारण वय ठरवताना आधी शाळेचा दाखला बघतात, नसेल तर पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. वैनींच्या आधारवर कर्नाटकातला पत्ता असेल तर खानापूर-बेळगाव साध्या बसला तिकीट पडणार नाही. बायकांना फुकट बसप्रवासाची शक्ती योजना जून 2023 पासून चालू आहे.

आता खाण्याचं. प्रत्येक आई डबा भरून नेते आणि बहुतेक ठिकाणी घरचं शिजवलेलं आत जात नाही. मागे एक आई पहाटे उठून कडबू करून आली होती. शिपायानं डबा टेबलावरच ठेवून घेतला. बाई अख्ख्या भेटीत पोराकडे कमी आणि त्या डब्याकडे जास्त बघत होती. पोरगा दोनदा म्हणाला, "राहू दे आई, आम्हाला जेवण मिळतं." बंद पाकिटातली बिस्किटं चालतील का ते फोनवरच विचारून घ्या. मोबाईल आणि पैसे आत नेऊ देत नाहीत.

माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो बोलण्यात. समोर बसल्या बसल्या "का केलंस असं? कुणी शिकवलं?" हे सुरू होतं. आई रडते, आत्या दटावते, पोरगा खाली मान घालून नखं कुरतडतो, आणि वेळ संपते. शिवाय आजूबाजूला कर्मचारी असतात. चोरी कशी झाली, गाडी कुणी नेली, यातला एक शब्दही तिथे काढू नका. ते त्याच्या वकिलाशी, एकांतात. तुम्ही घरचं बोला. म्हैस व्याली का, आजीचं गुडघ्याचं कसं आहे, धाकटी काय म्हणते. पुढच्या आठवड्यात कोण येणार ते सांगा आणि सांगितलंत तर या. 'येतो' म्हणून न येणं त्या वयात फार लागतं.

त्याच्याकडे नीट बघाही. अंगावर वळ, नजर चुकवणं, 'सगळं ठीक' असं एका सुरात म्हणणं. 'मारतात का?' असं विचारलं की उत्तर नाहीच येतं. 'रात्री शेजारी कोण झोपतं, सकाळी किती वाजता उठवतात' असं विचारा. काही खटकलं तर अधीक्षकांना लेखी द्या, पोच घ्या आणि त्याची प्रत मंडळाला द्या. मंडळानं महिन्यातून एकदा तरी अशा संस्थांची पाहणी करायची असते, त्यामुळे तुमचा कागद तिथे वाया जात नाही. तक्रार केल्यानं पोराला त्रास होईल म्हणून गप्प बसणारेच जास्त दिसतात. मला ते पटत नाही.

सुटकेचं म्हणाल तर घरचे भेटीला धावतात आणि प्रोबेशन ऑफिसरला कुणीच भेटत नाही. खरी किल्ली त्यांच्या हातात असते. ते घराबद्दल, शाळेबद्दल, संगतीबद्दल सामाजिक तपासणी अहवाल लिहितात, दोन आठवड्यांत तो मंडळाकडे जायचा असतो. कलम 12 प्रमाणे मुलाला जामिनावर सोडणं हाच नियम आहे. अडतं कुठे? सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला धोका होईल किंवा न्यायाचा हेतूच फसेल असं मंडळाला वाटलं तर. तुमच्या प्रकरणात पहिलाच मुद्दा येणार: बाप गोव्यात, आई शेतात, ती मोठी पोरं त्याच गल्लीतली. म्हणून नुसतं 'साहेब, सोडा' म्हणून भागणार नाही, तो कुठे राहील आणि कोण बघेल ते सांगावं लागेल. कायद्यात योग्य व्यक्तीच्या ताब्यात देण्याची सोय आहे. ताई, तुमचं घर वेगळ्या गावात आहे असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही स्वतःच तयार असाल तर तसा अर्ज द्या. जामिनाच्या अटी 7 दिवसांत पुऱ्या करता आल्या नाहीत तर त्या बदलून घेण्यासाठी मुलाला परत मंडळापुढे आणतात, हेही लक्षात असू द्या. चौकशी 4 महिन्यांत संपवायची असते, फार तर आणखी 2 महिने वाढवून मिळतात. जास्तीत जास्त 3 वर्षं शिक्षेचा गुन्हा किरकोळ धरतात, साधी चोरी त्यातच येते. असल्या प्रकरणात त्या मुदतीतही चौकशी पुरी झाली नाही तर ती तिथेच संपते.

कन्नडची अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. मुलाला कामकाजाची भाषा कळत नसेल तर मंडळानं दुभाषा द्यायचा असतो, तो मागा. वैनींनी कन्नड कागदावर, काय लिहिलंय ते कुणी वाचून दाखवल्याशिवाय सही करू नये. 'नंतर वाचा' म्हणणाऱ्याला सरळ सांगा, आत्ताच वाचा.

तो मराठी माध्यमात शिकतो म्हणता, तर त्याची पुस्तकं-वह्या पहिल्याच भेटीत घेऊन जा. आत मराठी माध्यमाचं पुस्तक मिळेलच असं नाही. परीक्षेपर्यंत सुटला नाही तरी ती बुडवायची गरज नाही. परीक्षा, नातेवाइकाचं लग्न, घरातला मृत्यू, आई-बापाचं गंभीर आजारपण यांसाठी कलम 98 खाली साधारण 7 दिवसांपर्यंत रजा मिळते, प्रवासाचे दिवस धरायचे नाहीत. अर्ज लवकर टाका, हॉल तिकीट आल्यावर धावू नका.

चंदगड-गडहिंग्लजकडचं कुणी वाचत असेल तर: मूल इकडे सापडलं आणि घर महाराष्ट्रात असेल, तर चौकशी संपून अंतिम आदेश झाल्यावर मुलाला त्याच्या जिल्ह्याच्या मंडळाकडे पाठवायची तरतूद कलम 95 मध्ये आहे, त्याआधी नाही. आदेशानंतरही दर खेपेला हद्द ओलांडून येण्यापेक्षा ते मागून बघा.

भावाचं राहिलं. गोव्याहून त्यांना सुट्टी रविवारीच आणि भेटीचा वार दुसराच असेल तर अधीक्षकांना कंपनीच्या पत्रासह अर्ज द्या. विशेष कारणासाठी वेगळी भेट देणं त्यांच्या हातात असतं. तोवर पत्र लिहायला सांगा. मुलाला पत्रांवर बंदी नसते आणि त्यानं घरी पत्र लिहावं, तिकिटाचा खर्च संस्थेनं करावा, असं नियमात आहे. पत्र वाचलं जातं हे मात्र भावाला आधीच सांगा, प्रकरणाबद्दल त्यातही काही नको.

मंडळाची पुढची तारीख कधी आहे ते कळवा. त्याआधी ताब्याच्या अर्जाचा मसुदा मराठीत करून देतो, कन्नडात उतरवून घ्यायचं प्राधिकरणाच्या वकिलांकडून बघू.