विजेच्या तारांना जोड देण्याआधी

भाऊ, टेस्टर आधी चालू प्लगमध्ये पारखून घ्यावा, मग मेन स्विच बंद करून त्याच टेस्टरने प्रत्येक तार तपासावी. नुसते बटण बंद करून भागत नाही: आपल्या खेड्यांतील जुन्या घरांत बटण न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, बसवलेले सापडणे नवलाचे नाही, आणि तिथे बटण बंद असले तरी तारेत वीज राहते. जोडायच्या दोन्ही तारांचे आवरण कनेक्टरच्या (तारा स्क्रूने आवळून जोडणाऱ्या तुकड्याच्या) खोलीइतकेच, तांब्याचा एकही धागा न तोडता सोलावे, स्क्रू घट्ट आवळून तार ओढून पाहावी, कारण वैशाखात कूलर रात्रंदिवस चालतो तेव्हा सैल जोडच तापतो आणि आवरण वितळते. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळणे मला मान्य नाही. तांबे व ॲल्युमिनियम थेट पिळू नयेत, सांधा गंजून सैल होतो. जोड भिंतीतील पाइपात नको, उघडता येणाऱ्या जंक्शन बॉक्समध्येच असावा.